बिंदूंची नावं, बिंदूंची यादी

भुसावळात जामनेर रोडला एका ड्रॉइंग ऑफिसात माझी बरीच वर्षं गेली. काम शेतांच्या नकाशांचं आणि ठिबकच्या आराखड्यांचं. यावल, रावेर, मुक्ताईनगर, बोदवड, जामनेर अशा सगळ्या तालुक्यांतून मोजण्या येतात. मोजणीची पोरं टोटल स्टेशन घेऊन शेतावर जातात. एक जण तिपाईजवळ थांबतो, दुसरा प्रिझमची काठी घेऊन बांधाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहतो, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर एक फाइल येते. दर ओळीत एक बिंदू. आधी क्रमांक, मग पूर्वेकडचं अंतर, उत्तरेकडचं अंतर, उंची आणि शेवटी एक आखूड कोड. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना टेकतो तेव्हा ही पोरं झुंजूमुंजूलाच निघतात, कारण दुपारी दुर्बिणीतून पाहिलं तर जमिनीच्या वाफेनं काठीच हलताना दिसते.

त्या आकड्यांवरून ऑटोकॅडमध्ये शेत उभं करायचं, मग त्यात मेन लाइन, सबमेन आणि लॅटरल टाकायच्या आणि पाइपाचा हिशेब काढायचा. केळी पाच बाय पाच फुटांवर असली की एकराला १,७४२ खोडं बसतात आणि लॅटरलची नळी २,६५० मीटरच्या घरात लागते. मृगबागेच्या आधी कामाची झुंबड असते. शेतकऱ्याला अनुदानाच्या प्रकरणासाठी आराखडा हवा असतो, दुकानदाराला मालाची यादी हवी असते. एकेक रेघ हातानं ओढून हे काम उरकणारं नव्हतं. म्हणून मी ऑटोलिस्प शिकलो.

या भाषेनं मला पुष्कळ दिलं. त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. प्रोग्राम चालू असताना त्यानं स्वतःच नवी नावं तयार करायची आणि त्या नावांना किमती द्यायच्या, ही ती गोष्ट. वरकरणी किरकोळ वाटते. पण माझी कामाची सगळी पद्धत तिच्यामुळे बदलली.

ऑटोलिस्प ही ऑटोकॅडच्या पोटातली भाषा. ऑटोडेस्क कंपनीनं ती १९८६ मध्ये आणली. तिचं मूळ डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पमध्ये, आणि त्याच्याही मागे गेलं तर जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये आहे. मॅकार्थींनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, १९६० मध्ये त्यावरचा निबंध छापला. त्या काळी संगणक म्हणजे आकडेमोडीचं यंत्र होतं. मॅकार्थींना चिन्हांवर काम करणारी भाषा हवी होती. बीजगणितातली एखादी पदावली तिच्यापुढे ठेवली तर तिचं विकलन करून उत्तरही पदावलीतच द्यावं, अशी.

या जन्मकथेचा माझ्या टेबलाशी थेट संबंध आहे. सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल झाला की व्हेरिएबलची नावं गळून पडतात, मागे उरतात मेमरीतल्या जागा. लिस्पमध्ये नाव हीच एक वस्तू असते, तिला सिम्बॉल म्हणतात, आणि प्रोग्राम चालू असतानाही ती हाताशी असते. तिला यादीत ठेवता येतं, दुसऱ्या फंक्शनकडे धाडता येतं, अक्षरं जोडून नव्यानं घडवताही येतं. ऑटोलिस्पमध्ये सेटक्यू लिहिलं की पुढचं नाव जसंच्या तसं घेतलं जातं आणि त्याला किंमत मिळते. नुसतं सेट लिहिलं की पुढे जे असेल ते आधी सोडवलं जातं, आणि सोडवल्यावर जो सिम्बॉल हाती येईल त्याला किंमत मिळते. म्हणजे कोणत्या नावाला किंमत द्यायची हे मी लिहिताना ठरवलेलं नसलं तरी चालतं. ते प्रोग्राम ऐन वेळी ठरवतो.

माझ्या आधीपासून ऑफिसात बिंदू आणण्याची एक लिस्प फाइल होती. कुणी लिहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा फाइली फ्लॉपीवरून, पुढे सीडीवरून आणि मग पेनड्राइव्हवरून एका ऑफिसातून दुसऱ्यात जायच्या. लिहिणाऱ्याचं नाव कुठे तरी वाटेतच पुसलं जायचं. ती फाइल मोजणीची ओळ वाचायची, पी हे अक्षर आणि बिंदूचा क्रमांक स्ट्रकॅटनं जोडायची, जोडलेल्या अक्षरांचा रीडनं सिम्बॉल करायची आणि सेटनं त्या सिम्बॉलला बिंदूची स्थिती द्यायची. फाइल पूर्ण वाचून झाली की पी-१, पी-२, पी-३ असे जितके बिंदू तितके व्हेरिएबल तयार.

त्यातली सोय खरोखर मोठी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑटोकॅडमध्ये कोणत्याही प्रश्नाला उत्तर देताना उद्गारचिन्ह लावून व्हेरिएबलचं नाव टाइप केलं की त्याची किंमत तिथे बसते. लाइनची कमांड दिली, पी-१२ लिहिलं, पी-१३ लिहिलं, की बांधाची रेघ तयार. माउस हलवायचंसुद्धा काम नाही. मोजणीच्या वहीत पोरांनी हातानं काढलेली कच्ची आकृती डाव्या हाताला ठेवायची आणि तिच्यावरचे आकडे वाचत उजव्या हातानं शेत बांधत जायचं. मला ती फाइल पहिल्यांदा उलगडली तेव्हा फार आनंद झाला होता. भाषा स्वतः नावं ठेवते आहे, आपण नुसतं हाक मारायची! शाळेत क्ष आणि य मानून गणितं सोडवली होती. इथे क्ष किती लागतील ते आधी माहीत नसतानाही मानता येत होते.

मग तापीपलीकडच्या एका गावातल्या दोन भावांचं काम आलं. वडिलोपार्जित शेताचे दोन तुकडे, दोघांचे सातबारे वेगळे, पण पाणी एकाच विहिरीचं म्हणून नकाशा एका ड्रॉइंगमध्ये घ्यायचा होता. थोरल्याच्या तुकड्याचे ६४ बिंदू, धाकट्याचे ४१. आधी थोरल्याची फाइल टाकली गेली, बांध आपोआप ओढला गेला, मग धाकट्याची. नकाशा छापून दोघांपुढे ठेवला. धाकट्यानं बराच वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, “भाऊ, हे शेत माझंच ना? मग माझा बांध दादाच्या विहिरीपर्यंत कसा गेला?”

त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. त्याच्या हद्दीची रेघ शेवटच्या कोपऱ्यावर थांबायच्या ऐवजी थोरल्याच्या शेतात शिरून तिथे गोल फिरून परत आली होती. ऑफिसात पहिला संशय मोजणीवर गेला. जिथे जमिनीचा वाद उभा राहू शकतो तिथे संशय नेहमी शेतात उभ्या राहिलेल्या माणसावर आधी जातो. पोरांना पुन्हा धाडलं. त्यांनी भर उन्हात सगळे कोपरे पुन्हा मोजले. आकडे तेच आले. मग कुणी म्हणालं प्रिझमची उंची चुकली असेल, कुणी म्हणालं बॅकसाइट बिघडली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू करून मी कोऱ्या ड्रॉइंगमध्ये नुसती धाकट्याची फाइल टाकली. बांध अगदी बिनचूक आला.

तेव्हा मी ती जुनी लिस्प फाइल कागदावर छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. बांध ओढणारा भाग असा होता: क्रमांक एकापासून सुरू करायचा, त्याचं नाव तयार करायचं, त्या नावाला किंमत असेल तर तिथवर रेघ न्यायची, नसेल तर थांबायचं. ऑटोलिस्पमध्ये ज्या नावाला कधी किंमत दिलीच नाही ते नाव विचारलं तर भाषा तक्रार करत नाही, शांतपणे निल म्हणजे काहीच नाही असं सांगते. लिस्पच्या इतर अनेक बोलींमध्ये असं नाव वापरलं तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. इथे थांबण्याची खूण म्हणून तो निलच वापरला होता. धाकट्याचे बिंदू ४१ वर संपले, पण पी-४२ रिकामं नव्हतंच. त्यात थोरल्याचा बेचाळिसावा बिंदू तसाच बसलेला होता. पी-६४ पर्यंत सगळे होते. रेघ त्यांच्यामागून निघाली आणि चौसष्टनंतरच थांबली.

शेतातली मोजणी बरोबर, आकडे बरोबर, सूत्रं बरोबर, तरी हद्द चुकली, कारण आधीच्या कामाची नावं अजून जिवंत होती. अशी चूक रोज दिसत नाही. दोन शेतं एकाच ड्रॉइंगमध्ये आली, आणि दुसरं शेत पहिल्यापेक्षा लहान असलं, तरच ती दिसते. दुसरं मोठं असेल तर जुन्या किमतींवर नव्या बसतात आणि सगळं सुरळीत वाटतं. किती नकाशे निव्वळ त्या योगायोगानं बरोबर निघाले असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

उपाय सरळ वाटतो: काम संपलं की नावं पुसायची. एरवी तसंच करतात. ऑटोलिस्पमध्ये फंक्शनच्या पहिल्या ओळीत तिरकी रेघ देऊन तिच्यापुढे त्या फंक्शनपुरत्या व्हेरिएबलची नावं लिहायची असतात. फंक्शन संपलं की त्या किमती जातात आणि नावांना आधीची स्थिती परत मिळते. पण त्या ओळीत लिहायचं काय? पी-१ ते पी-किती? फंक्शन लिहिणाऱ्याला ते माहीत नाही, ते फाइल वाचल्यावर कळणार. जे नाव लिहिताना ठाऊकच नाही ते आपल्यापुरतं आहे असं आधी जाहीर करता येत नाही. म्हणून प्रोग्रामनं तयार केलेलं नाव कायम सगळ्यांचं होऊन बसतं, सगळ्या फंक्शनांना दिसतं, कुणीही त्याच्यावर दुसरं काही बसवू शकतं. हे मला उमगलं तेव्हा चूक कुणा एकाच्या हलगर्जीची राहिली नाही. ती पद्धतीतच होती.

याच फाइलीची आणखी एक आवृत्ती शेजारच्या गावातल्या एका ऑपरेटरकडे होती. त्यात क्रमांकाऐवजी बिंदूचा कोडच नाव म्हणून घेतला होता, कारण क्रमांकापेक्षा कोड लक्षात राहतो. एका पाणंद रस्त्याच्या मोजणीत ती वापरली आणि रस्त्याची कड काढणारी कमांड अडली. संदेश आला, बॅड आर्ग्युमेंट टाइप, नंबरपी. म्हणजे संख्या हवी होती तिथे दुसरंच काही मिळालं. शोधता शोधता कळलं की रस्त्याच्या वळणावर दोन सरळ रेषा जिथे छेदतात त्या बिंदूला मोजणीत पीआय असा कोड देतात. तोच इंग्रजी शब्द ऑटोलिस्पमध्ये पाय, म्हणजे ३.१४१५९… या संख्येचं नाव आहे. प्रोग्रामनं कोड वाचला, त्याचा सिम्बॉल केला आणि पायला एका वळणाची स्थिती देऊन टाकली. त्यानंतर काटकोन काढण्यासाठी पायला दोननं भागायला गेलं की भागायला संख्याच नाही.

झाडासाठी टी हा कोड होता. टी म्हणजे लिस्पमधलं सत्य. त्याला झाडाची स्थिती दिल्यानं काही बिघडलं नाही, कारण निल सोडून काहीही असलं तरी भाषा ते खरंच मानते. बिघडलं ते सफाईनं. कामाच्या शेवटी कुणी तरी काळजीपूर्वक सगळ्या कोडांना निल देणारी ओळ घातली होती. तिनं टीलाही निल दिलं. कॉन्ड या रचनेत, वरचं काहीच लागू पडलं नाही तर काय करायचं ते शेवटच्या फांदीत टी लिहून सांगतात. टी निल झाल्यावर ती फांदी कधी चालेनाच. संदेश नाही, अडणं नाही, काही रेघा नुसत्या आल्याच नाहीत. ही जुन्या आवृत्तीतली गोष्ट. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० बरोबर व्हिज्युअल लिस्प मिळालं आणि अशा राखीव नावांना हात लावला तर सूचना देण्याची सोय झाली. पण खेडोपाडीच्या ऑफिसांत जुनी आवृत्ती त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली.

एका शेतात दोन बोअर होते. मोजणाऱ्यानं कोडच्या जागी बोअर जुना, बोअर नवा असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. रीड हे फंक्शन अक्षरांतली पहिलीच वस्तू उचलतं, मधल्या जागेनंतरचं सोडून देतं. दोन्ही ओळींतून बोअर एवढंच नाव निघालं, आणि नंतर वाचलेल्या बोअरनं आधीच्याला पुसलं. नकाशात एकच बोअर राहिला. त्या मुलानं शेतात उभं राहून जुना आणि नवा हा फरक नीट नोंदवला होता. प्रोग्रामनं तो गिळला. मला या प्रकारात सर्वांत जास्त चीड याचीच येते. माणसानं जपून आणलेली माहिती नाव बनवताना हरवते, आणि हरवली हे कुणाला कळतही नाही.

माझे वडील भुसावळच्या यार्डात ट्रेन्स क्लार्क होते. मालगाडी आली की इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा क्रमांक, ती कोणत्या रेल्वेची, माल काय, मुक्काम कुठला, हे एकाखाली एक लिहायचं. रात्री हातात कंदील, पुढे टॉर्च. आता वॅगनचा क्रमांक ११ अंकी असतो. त्यातून प्रकार, मालक रेल्वे आणि बांधणीचं वर्ष कळतं आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. त्यांच्या वेळी क्रमांक आखूड होते आणि सगळा भार त्यांच्या अक्षरावर होता. मी लिस्पच्या या गुंत्यात पडलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. मी त्यांना विचारलं होतं की इतक्या वॅगनींचा गोंधळ कसा होत नसे. ते म्हणाले, गाडी सुटली की पान उलटायचं, नव्या गाडीला नवं पान. डबा चौतिसावा आहे हे त्या गाडीपुरतं असतं.

त्यांना लिस्प माहीत नव्हती, पण मला पाहिजे होतं ते त्यांनी सांगितलं. बिंदूचा क्रमांक ही त्या बिंदूबद्दलची माहिती आहे. तिला पानावर, बिंदूच्या शेजारी जागा हवी. तिचं व्हेरिएबल करायची गरज नाही. व्हेरिएबल एकच पुरेल, त्या पानाचं.

आणि गंमत अशी की ऑटोकॅड स्वतः तेच करत होतं, माझ्या डोळ्यांसमोर. एन्टगेट हे फंक्शन एखाद्या रेघेवर चालवलं की तिची सगळी माहिती एका यादीत मिळते. यादीत जोड्या असतात: शून्यासमोर वस्तूचा प्रकार, आठसमोर लेयर, दहासमोर सुरुवातीचा बिंदू, अकरासमोर शेवटचा. हवी ती जोडी असोक या फंक्शननं काढायची. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बांधलं त्यांनी लाखो वस्तूंना लाखो नावं दिली नाहीत, जोड्यांच्या याद्या केल्या. ही यादी मी रोज वापरत होतो, पण ती माझ्या बिंदूंनाही चालेल हे मनात आलं नव्हतं.

मी ती फाइल नव्यानं लिहिली. प्रत्येक ओळीची एक जोडी, डाव्या बाजूला क्रमांक अक्षरांच्या रूपात, उजव्या बाजूला स्थिती आणि कोड. कॉन्सनं जोडत गेलं की यादी उलटी तयार होते, म्हणून शेवटी रिव्हर्स. बांध ओढणारा भाग यादी संपली की थांबतो, त्याला निलची वाट पाहावी लागत नाही. पीआय हा कोड आता नुसती अक्षरं आहे, टीसुद्धा. बोअर जुना आणि बोअर नवा हे मधल्या जागेसकट राहतात. एकाच क्रमांकाचे दोन बिंदू आले तर यादीत दोन्ही राहतात आणि प्रोग्राम ते दाखवून देतो. आधीच्या पद्धतीत दुसऱ्यानं पहिल्याला पुसलं असतं.

ऑपरेटर मंडळी मात्र नाराज झाली. त्यांची उद्गारचिन्हाची सोय गेली होती, आणि त्यांची तक्रार रास्त होती. दिवसभर शेकडो बिंदू हाताळणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन जास्तीच्या कळा दाबायला लावणं म्हणजे त्याच्या बोटांवर अन्याय. म्हणून एका अक्षराच्या नावाचं फंक्शन केलं. कंसात ते अक्षर आणि क्रमांक लिहिला की तो बिंदू मिळतो. ऑटोकॅड प्रश्नाच्या उत्तरात असा कंसही स्वीकारतं. त्यासाठी बिंदूंची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवावी लागली, पण सर्वांना दिसणारं नाव तेवढं एकच, आणि नवी मोजणी आली की ती यादी पूर्ण बदलते. आधीच्या शेताचा एकही बिंदू मागे राहत नाही. नसलेला क्रमांक मागितला तर फंक्शन तसं स्पष्ट सांगतं आणि थांबतं. या सांगण्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं.

म्हणून मी सेट आणि रीड कायमचे सोडले असं कुणी समजू नये. एका जागी मी ते आजही वापरतो. प्रत्येक शेताबरोबर एक छोटी मजकुराची फाइल असते. लॅटरलमधलं अंतर, ड्रिपरमधलं अंतर, ड्रिपरचा ताशी प्रवाह, सबमेनचं माप असे दहाबारा आकडे, प्रत्येकासमोर नाव. ती फाइल नोटपॅडमध्ये कुणीही भरू शकतो. प्रोग्राम ती वाचतो, नावाचा सिम्बॉल करतो आणि त्याला किंमत देतो. इथे नावं मोजकी आहेत, मला आधीपासून ठाऊक आहेत, आणि सूत्रांत मी तीच वापरली आहेत. मुख्य फंक्शनच्या पहिल्या ओळीत ती सगळी आपल्यापुरती म्हणून जाहीर करता येतात. ऑटोलिस्पमध्ये आतल्या फंक्शननं सेट केलं तरी किंमत बाहेरच्या फंक्शनच्या त्या नावालाच मिळते, त्यामुळे काम संपल्यावर काही उरत नाही. शिवाय सेट करण्याआधी नाव मंजूर यादीत आहे की नाही ते तपासायचं. स्पेलिंग चुकलं तर प्रोग्राम चुकलेला शब्द दाखवतो. फाइलीतल्या कोणत्याही शब्दाला व्हेरिएबल होऊ देणं आणि ठरलेल्या नावांना बाहेरून किंमत देणं, या दोहोंत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, जरी दोन्हीकडे लिहिलेली ओळ एकच असली.

पुढे हाच प्रश्न मॅक्सिमात भेटला. मॅक्सिमा हे बीजगणित करणारं मोफत सॉफ्टवेअर. एमआयटीत साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मॅकसिमाचा हा वंशज, आणि तोही लिस्पमध्येच लिहिलेला. विल्यम शेल्टर यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून तो मोकळा करण्याची परवानगी मिळवली. आमच्याकडे तो पाइपातल्या दाबाच्या घटीसाठी आला. हेझन-विल्यम्सचं सूत्र आम्ही वापरतो. घट लांबीच्या प्रमाणात वाढते, प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या ४.८७ व्या घातानं कमी होते. पीव्हीसीला गुणांक १५० धरतात. लॅटरलवर वाटेत ठिकठिकाणी पाणी बाहेर पडतं म्हणून उत्तराला क्रिस्टियनसनच्या गुणकानं गुणायचं, ड्रिपर पुष्कळ असले की तो ०.३५ ते ०.३६ येतो.

आमच्याकडे नवा लागलेला एक हुशार मुलगा फाइलीत वर सगळ्या किमती लिहायचा, लांबी इतकी, प्रवाह इतका, व्यास इतका, आणि खाली सूत्र. उत्तर बरोबर यायचं. मग शेतकरी विचारायचा, ६३ मिलिमीटरच्या सबमेनवर अजून किती रांगा चालतील? म्हणजे आता घट ठरलेली, प्रवाह काढायचा. मॅक्सिमाला प्रवाहासाठी सूत्र सोडव म्हटलं तर ते नकार द्यायचं, कारण प्रवाहाच्या जागी आधीच संख्या जाऊन बसली होती. सोडवायला अक्षरच उरलं नव्हतं. मुलगा किंमत पुसायचा, पुन्हा लिहायचा, आणि तिसऱ्या शेताला दुसऱ्याचा प्रवाह लागून जायचा. मी त्याला सब्स्ट दाखवलं. सूत्र अक्षरांतच ठेवायचं, आणि हवी ती किंमत हव्या त्या वेळी त्याच्या प्रतीत घालायची. मूळ सूत्र कोरंच राहतं, प्रवाह हा प्रवाहच राहतो, आणि त्याच सूत्रातून व्यास, लांबी, प्रवाह काहीही काढता येतं. चिन्हांवर चालणाऱ्या भाषेचं खरं बळ इथे आहे असं मी मानतो. अक्षराला किंमत चिकटवण्याची घाई केली की ते बळ आपणच घालवतो आणि हाती एक महागडा कॅल्क्युलेटर उरतो. त्या मुलाला हे समजायला एक दुपार पुरली. तो आता माझ्यापेक्षा नेटकं लिहितो.

हल्ली येणारी मुलं पायथन शिकून येतात. काहींनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतून पाहिलेले असतात. तरी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात विचारतो, “सर, लूपमध्ये व्हेरिएबलचं नाव बदलत नेता येतं का?” मी येतं म्हणतो, करूनही दाखवतो, कारण ही शक्यता पाहिल्याशिवाय लिस्प कळली असं म्हणता येणार नाही. मग दोन भावांच्या शेताच्या त्या दोन फाइली त्याला देतो. नावं, गट क्रमांक काढून टाकलेले आहेत, आकडे तेच आहेत. आधी ६४ बिंदूंची टाकायची, मग ४१ ची. रेघ शेजारच्या शेतात जाताना पाहिली की तो स्वतःच छापील प्रत आणि पेन्सिल मागतो. मी कारण सांगत नाही. त्यानं ते शोधावं यासाठी त्याला पूर्ण दिवस मोकळा देतो, काम कितीही तुंबलेलं असो.

आता ड्रोनची मोजणी आली आहे. तिच्यात बिंदू लाखांनी येतात, आणि माझी जोड्यांची यादी तिथे अपुरी पडते, कारण असोक दर वेळी यादीच्या तोंडापासून शोधत जातं. पन्नास बिंदूंना ते जाणवत नाही, दोन लाखांना मशीन बसतं. म्हणून शेताचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेगळी यादी करतो आहे, आणि त्या याद्यांची मिळून एक यादी. तुकड्यांच्या सीमेवरचे बिंदू कोणत्या यादीत ठेवायचे, हे अजून ठरायचं आहे.